पडद्यावरचा देव आणि आपली ओपन स्पेस

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या पहिल्या कार्यक्रमात, चित्रपट सुरू होण्यापूर्वी केलेलं भाषण. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



सचिवसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘चांगला चित्रपट कसा ओळखावा’. तो विषय मी जरा बाजूला सारतो. कारण गेले दोन महिने आपल्या लेआऊटमध्ये जो वाद चालू आहे, तो त्याहून चांगला विषय आहे. सकाळी दुधाच्या रांगेत, संध्याकाळी बाकावर, रात्री मोबाइलच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. आज या पडद्यावर कोणता सिनेमा लावायचा?

सुरुवात नोटीस बोर्डापासून झाली. बोर्डावर कागद लागला, ‘रौप्यमहोत्सवानिमित्त धार्मिक चित्रपट दाखवण्यात येईल, सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी बॉलपेनने एकच शब्द लिहिला, ‘कोणाचा?’

आता कोणी लिहिलं, याची चौकशी झाली. अक्षर तपासलं गेलं. मला ती चौकशी मुळीच आवडली नाही. प्रश्न चांगला होता. पंचवीस वर्षांपूर्वी आपण प्लॉट घेतले तेव्हा अर्जात धर्माचा रकाना नव्हता. या चार गल्ल्यांत विठ्ठलाची माळ घातलेले आहेत, दीक्षाभूमीला न चुकता जाणारे आहेत, रमजानचा शिरखुर्मा सगळ्यांच्या घरी पोचवणारे आहेत, पेरसापेन मानणारे गोंड आणि कोलाम बांधव आहेत. आणि पडद्याची वर्गणी सगळ्यांकडून सारखी घेतली जाते. तेव्हा ‘कोणाचा?’ हे विचारणाऱ्याचा हक्कच आहे. पण मला त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. ‘कसा?’

मी काही सिनेमातला तज्ज्ञ नाही. शाळेत मराठी शिकवत होतो, निवृत्त झालो, आणि सिनेमाचं वेड लहानपणापासून आहे एवढंच. आमच्या काळी मारेगावच्या माणसाला सिनेमा म्हणजे वणीची एसटी नाहीतर जत्रेतला तंबू. तंबूत मशीन मध्येच बंद पडायचं, शिट्ट्या व्हायच्या. पण देवाचा सिनेमा असला की शिट्ट्या होत नसत. ‘जय संतोषी माँ’ मी तसा पाहिला. हा सिनेमा १९७५ चा. त्याच वर्षी ‘शोले’ आला, ‘दीवार’ आला. आणि अगदी कमी पैशांत काढलेला हा चित्रपट त्या दोघांच्या बरोबरीनं गर्दी खेचत राहिला. बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर देवी आली की फुलं आणि नाणी पडायची. आमच्या घरात शुक्रवारी चिंच, लिंबू, दही बंद झालं ते त्या सिनेमापासून. गूळ-फुटाणे मात्र मिळायचे, म्हणून आमची तक्रार नव्हती.

दुसऱ्या गल्लीतले आपले काका, नाव घेत नाही, ते हसून राहिलेत बघा, त्यांचं म्हणणं असं की ज्या सिनेमात हात आपोआप जोडले जात नाहीत तो धार्मिक सिनेमाच नव्हे. उलट आपली इंजिनियरिंगची पोरं म्हणतात, हात जोडायला देऊळ आहे, सिनेमात सिनेमा दिसला पाहिजे. ‘जय संतोषी माँ’ची ट्रिक फोटोग्राफी पाहून ती पोरं पोट धरून हसली. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे. आणि मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात.

थोडं मागे जाऊ. आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट दादासाहेब फाळके यांनी काढला, ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, मुंबईचं कोरोनेशन थिएटर. तो पुराणकथेवरच होता. फाळक्यांना हे सुचलं कशावरून? मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपले राम-कृष्ण उभे राहिले, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे बघा, आपल्या देवांच्या सिनेमाचं बीज दुसऱ्याच्या देवाच्या सिनेमात होतं. हे मी ‘कोणाचा?’ लिहिणाऱ्यालाही सांगतो आणि त्या प्रश्नावर रागावलेल्यांनाही.

पुढे १९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्या, अण्णा साळुंके यांनी. त्याआधी ‘हरिश्चंद्र’मध्ये तारामतीही तेच झाले होते, कारण बाई मिळेना. हे साळुंके मुळात एका खानावळीत आचारी होते. प्रेक्षकांना हे माहीत नव्हतं असं नाही. तरी लोक नमस्कार करत.

आणि आता जे सांगतो ते माझ्या फार आवडीचं आहे. १९१९ चा ‘कालिया मर्दन’. कृष्णाची भूमिका फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केली. पोर लहान, सहा-सात वर्षांची. चित्रपट सुरू झाल्यावर लगेच गोकुळ दिसत नाही. आधी दिसतो मंदाकिनीचा चेहरा. ती हसून दाखवते, रागावून दाखवते, रडवेली होते. आणि मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा वेष येतो. फाळके प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतात की बाबांनो, ही माझी मुलगी आहे, ती अभिनय करणार आहे. आता हात जोडायचे तर जोडा. तिथे फसवणूक नाही. भक्ती आणि समज दोन्ही एका वेळी चालू राहू शकतात हे त्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी धरून चाललेलं होतं. आपणच अधूनमधून विसरतो.

‘रामायण’ मालिकेचं तुम्हाला सांगायला नको. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली. मी तेव्हा नागपूरला होतो. रविवारी सकाळी रस्ते ओस. टीव्हीला हार, उदबत्ती. नंतर २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली, आपल्याच घरांतून तोच आवाज पुन्हा येत होता आणि त्या भीतीच्या दिवसांत तो बरा वाटला. पण सिनेमाचा रसिक म्हणून विचाराल तर मला बी. आर. चोप्रांची ‘महाभारत’ जास्त भावते. तिचे संवाद राही मासूम रझा यांचे. त्यात माणसं वाद घालतात, एकमेकांना अडवतात. भीष्म गप्प बसतात तेव्हा त्यांच्या गप्प बसण्याचाही राग येतो. रामानंद सागरांच्या मालिकेत माणसं बरीचशी एकमेकांना वंदन करतात आणि कॅमेरा तीन-तीनदा प्रत्येकाच्या चेहऱ्याजवळ जातो. काका, रागावू नका. तुमच्या श्रद्धेबद्दल बोलत नाही, कॅमेऱ्याबद्दल बोलतो आहे.

आता पोरांकडे वळतो. तुम्ही म्हणता तंत्र पाहिजे. मान्य. मग २०२३ चा ‘आदिपुरुष’ घ्या. तंत्रावर पाण्यासारखा पैसा. दिग्दर्शक आपला मराठी माणूस, ओम राऊत. प्रत्येक थिएटरात एक खुर्ची हनुमंतासाठी रिकामी ठेवा म्हणून निर्मात्यांनी जाहीर केलं होतं. आणि त्याच हनुमंताच्या तोंडी असे संवाद की लोक संतापले, चालू चित्रपटातले संवाद बदलावे लागले. खुर्ची ठेवली, पण मान कुठे ठेवला? दुसरीकडे २०२५ चा ‘महावतार नरसिंह’. ॲनिमेशन, एकही नावाजलेला नट नाही, आणि लहान मुलांनी आईबापांना ओढत नेलं. तेव्हा नुसतं तंत्रावर काही ठरत नाही आणि तंत्राला नाकं मुरडूनही चालत नाही. आता रणबीर कपूरचा ‘रामायण’ही जाहीर झाला आहे, म्हणजे हा वाद आपल्याकडे पुन्हा होणार. तयारीत राहा.

आता आजच्या सिनेमाकडे येतो. आपण निवडला आहे ‘संत तुकाराम’, प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६. सांगायला हरकत नाही, संचालक मंडळात तो एका मताने निवडला गेला. ते एक मत कुणाचं ते मी सांगणार नाही, पण ते बाईंचं आहे आणि त्यांनी दिलेलं कारण मला पटलं. त्या म्हणाल्या, ‘‘सर, तुकारामासाठी नाही, आवलीसाठी लावा.’’

ज्यांनी पाहिला नाही त्यांना थोडं सांगतो. तुकाराम झाले आहेत विष्णुपंत पागनीस. मूळचे नाटकात स्त्रीभूमिका करणारे नट. म्हणूनच की काय, त्यांच्या तुकारामात कुठे दरारा नाही, जोर नाही, एक मऊपणा आहे. पुढे लोक प्रत्यक्षात त्यांच्या पाया पडू लागले. दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणत. देहूचं ते घर, ती ओसरी, देऊळ, सगळ्या नेपथ्यामागे त्यांची नजर होती. आपल्या तिसऱ्या गल्लीतल्या चाचांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘फिर तो अपना भी हुआ.’’ झालाच की. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातलं बीजाच्या रूपकावरचं गाणं लोकांना इतकं तुकारामांचं वाटलं की आजही कीर्तनात कोणी कोणी अभंग म्हणून सांगतात. ते आहे शांताराम आठवले यांचं. गाथेत शोधू नका, सापडणार नाही.

पण आवली. जिजाई. गौरी नावाच्या नटीने ती केली आहे. हिच्या नवऱ्याला देव भेटला आहे आणि हिच्या घरात दाणे नाहीत. ती बोलते. सिनेमाभर बोलते. विठोबाला शिव्या देते. पोर तापाने फणफणलं तेव्हा ती देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन देवासमोर उभी राहते. १९३६ साली! आज असं दृश्य कुणी नव्याने घेतलं तर काय होईल याचा विचार करा. तेव्हा काही झालं नाही, कारण बघणाऱ्या प्रत्येकीला माहीत होतं की घरात दाणे नसले की असंच बोललं जातं. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा पोरं भरजरी कपडे अंगावर चढवतात, आवलीचा जीव हरखतो, आणि तुकाराम ते सगळं परत पाठवतात. त्या वेळी तुमचं मन कोणाकडे जातं ते बघा. माझं प्रत्येक वेळी आवलीकडे जातं, आणि तरी तुकाराम चुकले असं म्हणवत नाही. सिनेमा दोघांनाही खोटं पाडत नाही. शेवटी विमान येतं, तुकाराम तिला चल म्हणतात. ती जात नाही. चूल आहे, पोरं आहेत, म्हैस आहे.

त्या विमानाची ट्रिक आज पोरांना हसू आणेल. हसा. पण विमान गेल्यावर जमिनीवर राहिलेल्या बाईकडे बघून हसू येतं का ते मला उद्या सांगा.

धार्मिक सिनेमा तपासायची माझी पद्धत हीच आहे. देव किती मोठा दाखवला, चमत्कार किती झाले, सैन्य किती होतं हे मी बघत नाही. देवाला ‘नाही’ म्हणणारं माणूस त्यात आहे का, आणि त्याला पुरतं बोलू दिलं का, ते बघतो. तसं माणूस असलं की मग तो सिनेमा कुणालाही पाहता येतो, माळकऱ्याला, नास्तिकाला, शेजारच्या धर्माच्या माणसालाही. नसलं की तो फक्त ज्याचा त्याचा उरतो.

या पद्धतीवर दोन जणांनी मला अडवलं, आणि दोघांनीही नीट अडवलं. ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल.

पहिले आपले पोस्टातले साहेब. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारे. मी त्यांना प्रभातच्याच ‘धर्मात्मा’बद्दल सांगत होतो. १९३५ चा, एकनाथांवरचा, बालगंधर्व एकनाथ झाले होते. मूळ नाव ‘महात्मा’ होतं, सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले आणि नाव बदलावं लागलं. त्यात एकनाथ अस्पृश्यांच्या घरी जेवायला जातात. मी म्हटलं, बघा, संतपट म्हणजे नुसते टाळ-चिपळ्या नाहीत, इंग्रज सरकारलाही त्यातलं राजकारण दिसलं होतं. साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘सर, एकनाथ जेवून घरी गेले. ज्यांच्या घरी जेवले ते कुठे गेले, ते सिनेमा सांगते का?’’ मी तेव्हा काही बोललो नाही. अजूनही याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यांचं म्हणणं असं की त्या सिनेमात उपकार करणारा मोठा होतो, माणूस मोठा होत नाही. आणि हे खरंच आहे की तिथे ‘नाही’ म्हणायची पाळी त्या घराला कधी मिळत नाही. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ २००० साली प्रदर्शित झाला, मामुट्टीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपली संस्थाही त्याच सालची. पंचवीस वर्षांत तो आपल्या पडद्यावर एकदाही लागला नाही. साहेबांनी तक्रार केली नाही. फक्त गेली काही वर्षं पडद्याच्या रात्री ते घरी बसतात. आज आले आहेत, मागे उभे आहेत. खुर्ची द्या रे कुणीतरी.

दुसरे आमचे गोंड मास्तर, माझ्याच शाळेतले. टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा लागलं तेव्हा रावण मेला त्या भागाला गल्लीत टाळ्या झाल्या. मास्तरांच्या घरातून नाही झाल्या. त्यांच्यात रावणाला पूर्वज मानणारे आहेत, विदर्भात रावणदहनाला आदिवासी संघटनांनी केलेला विरोध तुम्ही पेपरात वाचलाच आहे. मास्तर म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणता नाही म्हणणारा पाहिजे. मग रावण काय म्हणून राहिला होता? त्याले तर दहा तोंडं देली, पण बोलू एकानंही नाही देलं.’’ आता बोला! मणिरत्नमने ‘रावण’ काढला २०१० मध्ये, जंगलातल्या माणसाच्या बाजूने. मास्तरांनी तो पाहिला, त्यांना तो काही फार आवडला नाही. म्हणाले, ‘‘आमच्या बाजूनं म्हणते, पण आमच्यातला कोणी दिसत नाही.’’ त्यांच्याकडे दिवाळीत दंडार होते, ती पाहा आणि मग सिनेमाचं बोला, असा त्यांचा सल्ला आहे. मी जाणार आहे.

तेव्हा काका, पोरांनो, साहेब, मास्तर, या सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर मला आठवले ते आपल्या विदर्भातलेच दिग्दर्शक राजदत्त. धामणगावचे. २०२४ साली पद्मभूषण मिळालं. या एकाच माणसाने १९७९ साली ‘अष्टविनायक’ काढला, ज्यातली गणपतीची गाणी आपण दर भाद्रपदात लावतो, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी गाडगेबाबांवर ‘देवकीनंदन गोपाळा’ काढला होता. देवळापुढे झाडू घेऊन उभा राहिलेला, नवस-बळी-कर्ज यांवर कीर्तनातून कोरडे ओढणारा माणूस आणि आठ गणपतींची यात्रा, एकाच दिग्दर्शकाच्या हातून. मला यातलं गाडगेबाबांचं काम जास्त मोलाचं वाटतं. ‘अष्टविनायक’मध्ये कामावर विश्वास ठेवणारा नायक आहे, सुरुवातीला चांगला बोलतो, पण कथा त्याला संकटं घालून घालून शेवटी यात्रेला पाठवते. त्याचं ‘नाही’ सिनेमाने काढून घेतलं. गाणी मात्र अप्रतिम, आणि वसंतराव देशपांड्यांना पडद्यावर पाहायला मिळतं ते वेगळंच. काकांचं आणि माझं यावर भांडण आहे, ते चालू राहील.

संचालक मंडळापुढे मी एक लेखी अर्ज दिला आहे, त्यातलं तेवढं वाचतो. एक, गणपतीच्या वर्गणीतून पडद्याचा खर्च करू नये, पडद्याची वर्गणी वेगळी असावी, म्हणजे ज्याने दिली त्याला सिनेमा निवडायचा हक्क राहील. दोन, रौप्यमहोत्सवी वर्षात चार चित्रपट लावावेत. आजचा ‘संत तुकाराम’, एप्रिलमध्ये ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, गणपतीनंतर ‘देवकीनंदन गोपाळा’, आणि चौथा उमेश कुलकर्णी यांचा २०११ चा ‘देऊळ’, कारण गावात अचानक देव प्रकटला की रस्ता, दुकानं आणि पुढारी कसे मागोमाग येतात, हे मारेगावकरांना वेगळं सांगायला नको. ‘तुकारामा’ला साठ वर्षांहून जास्त झाली, त्याच्या हक्कांचा प्रश्न नाही. बाकीच्या तिन्हींसाठी रीतसर परवानगी काढावी लागेल, ते काम मी करीन. तीन, प्रत्येक सिनेमानंतर अर्धा तास बोलायला ठेवावा, आणि बोलायची पहिली पाळी ज्याला सिनेमा पटला नाही त्याची. अर्ज अजून मंजूर नाही. सचिवसाहेब मान हलवताहेत, पण कोणत्या दिशेला ते इथून दिसत नाही.

सिनेमा सव्वादोन तासांचा आहे. दहा वाजता स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून आता मी थांबतो. प्रत जुनी आहे, आवाज मध्येमध्ये खरखरेल. मुलांनो, पडद्यासमोरून धावू नका. कोपऱ्यावरचा हॅलोजन कोणीतरी बंद करा. आणि चहा मध्यंतरात आहे, आवलीचा देवळातला प्रसंग झाल्याशिवाय उठू नका.